कौलांनी दिलेला कौल

निफाडच्या आसपासच्या गावांत जुन्या वस्तीतून फिरलं तर एखाद्या घरावर अजून देशी कौलं दिसतात. हातानं घडवलेली, अर्ध्या नळीसारखी, एक उताणं आणि त्यावर एक पालथं अशी रचलेली. वारा, मांजरं, माकडं यांनी ती हलतात, म्हणून पावसाळ्याआधी घर शाकारावं लागतं. शाकारायला वर चढलेल्या माणसाला कौलांच्या पोकळीत उंदराचं घरटं हमखास सापडतं. चिंध्या, कापसाचे पुंजके, गव्हाच्या ओंब्यांचा भुसा. पुढे मंगलोरी कौलं आली. ती चपटी आणि खाचेत खाच बसणारी, त्यामुळे उंदराला तिथे जागा कमी. पत्रा आला तेव्हा ती पोकळीही गेली. घर बांधणाऱ्याच्या लेखी हा फरक खर्चाचा आणि उन्हाच्या तलखीचा. परंतु जवळपास सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत परळला याच तीन छपरांखाली एका फार मोठ्या प्रश्नाचा निकाल लागला. माणसं प्लेगनं मरतात, ती घरातल्या हवेमुळे मरतात का, हा तो प्रश्न.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी एका तापाच्या रुग्णाची गाठ पाहिली आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याची पेठ. गोण्यांच्या थप्प्या, वखारी, वर दाटीवाटीच्या खोल्या. मराठी वर्तमानपत्रांनी या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असं नाव दिलं, खेड्यापाड्यांत तो ‘गाठीचा ताप’ झाला. १८९७ उजाडेपर्यंत मुंबईच्या सव्वाआठ लाख वस्तीतले जवळपास चार लाख लोक शहर सोडून निघाले होते. जो तो आपल्या गावाकडे धावला. कोकणातला बोटीनं, घाटावरचा जीआयपी रेल्वेनं. ती रेल्वे कल्याण, इगतपुरी करत नाशिकवरून निफाड, लासलगाव आणि मनमाडकडे जात होती. कल्याणला गाडीतून उतरवून काखा आणि जांघा तपासत. पण गोणीत बसून येणारा उंदीर कोण तपासणार?

नाशिक जिल्ह्यानं ही साथ चांगलीच सोसली. भगूरला विनायक दामोदर सावरकरांचे वडील १८९९मध्ये प्लेगनंच गेले. निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे या काळात मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. शहर ओस पडताना त्यांनी पाहिलं, आणि १६ जानेवारी १९०१ला ते गेले तेव्हा प्लेग पसरतो कसा याचं उत्तर सरकारदरबारी कुणापाशी नव्हतं.

जंतू तर सापडला होता. १८९४ साली हाँगकाँगला अलेक्झांड्र येरसँ यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला होता. मात्र हा जंतू एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, ही मधली कडी अंधारात होती. आणि अंधारात बोट दाखवायला हवेइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आपल्या बोलण्यातही तेच मुरलेलं आहे. गावची हवा बिघडली म्हणतो, माणूस खंगला की हवापालटाला पाठवतो. युरोपातल्या डॉक्टरांच्या मनातही ही समजूत शतकानुशतकांची होती. कोंदट खोली, ओल, गटाराची वाफ, दाटी, यांतून विष तयार होतं आणि ते श्वासातून आत जातं असं ते मानत. म्हणून मुंबईत जे उपाय झाले ते बहुतेक हवेवरचे होते. गटारांत कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचं पाणी सोडलं. भिंतींना चुना लावला, जमिनी खणल्या. कोंदट घरांवर रंगानं ‘यू.एच.एच.’ अशी इंग्रजी अक्षरं लिहिली. अर्थ असा की माणसाला राहण्यास अयोग्य. आणि घरात उजेड-वारा यावा म्हणून छपरांवरची कौलं काढली.

कौलं काढण्याचा हा प्रकार नीट डोळ्यांपुढे आणावा. घरात आजारी माणूस आहे किंवा नुकताच दवाखान्यात नेला आहे. शिपाई वर चढतात, कौलं उतरवून ढीग करतात, आढ्यातून आभाळ दिसू लागतं. कौलांतले उंदीर पळतात, शेजारच्या छपरात शिरतात. मेलेल्या उंदरांची घरटी खाली खोलीत पडतात. हवा शुद्ध करण्याच्या हेतूनं उचललेलं हे पाऊल होतं. खरा धोका घरट्यांत होता, आणि तो या कामानं सगळीकडे पसरत होता. ज्यांनी ते केलं त्यांना हे ठाऊक नव्हतं, हे मान्य केलं तरी ज्यांची घरं उघडी पडली त्यांचं दुःख कमी होत नाही. पुण्यात १८९७मध्ये घरझडत्यांनी लोकांचा जो संताप झाला त्याचा शेवट २२ जूनला प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या अधिकाऱ्यावर झालेल्या गोळीबारात झाला. त्याच पुण्यात मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. १८९८मध्ये मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून समुद्राचा वारा शहरात घेणारे रुंद रस्ते काढणं हे त्याचं एक मोठं काम होतं. ते रस्ते चांगलेच झाले, पण प्लेगला त्यांनी फार अडवलं नाही.

खेड्यातली माणसं मात्र वेगळंच काही पाहत होती. ‘उंदीर पडला’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. छपरातून, आढ्यावरून झिंगत आलेला उंदीर खाली पडतो आणि माणसं पाहत असताना तडफडून मरतो. त्यानंतर काही दिवसांत घरात ताप येतो. म्हणून उंदीर पडू लागले की गाव माळावर जाई. शेतात झोपड्या पडत, चुली मांडल्या जात, गुरं सोबत येत. उन्हाळा कडक तापला की परत जायचं. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरी गावांत हीच रीत त्याच्याही आधीपासून होती. या रीतीमागे शास्त्राचं पुस्तक नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि ते खरं होतं. सरकारी नियमांनीही पुढे वस्त्या हलवल्या, पण बिघडलेल्या हवेतून मोकळ्या हवेत या विचारानं. कृती एकच, कारणं दोन.

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ मुंबईत आणि कराचीत प्लेगवर काम करत होते. रोग्यांच्या पायांवर एक बारीक फोड दिसतो आणि त्यात प्लेगचे जंतू असतात, हे त्यांनी हेरलं. जून १८९८मध्ये कराचीत त्यांनी एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेगचा उंदीर ठेवला, त्यावर पिसवा सोडल्या, आणि तो मरायला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा निरोगी उंदीर त्याच बरणीत टांगला. दोन उंदरांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. काही दिवसांत दुसराही प्लेगनं मेला. सिमाँ यांनी निष्कर्ष छापला, पण मानला कुणी नाही. सरकारनं नेमलेल्या पहिल्या प्लेग आयोगानं पिसवेची कल्पना बाजूला सारली. एका बरणीवर कुणी विश्वास ठेवावा, असाही त्यांचा आक्षेप असू शकेल. तो आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. बरणीत हवाही होतीच ना!

मुंबईत कॅप्टन डब्ल्यू. ग्लेन लिस्टन हे लष्करी डॉक्टर ही कडी सोडायला तयार नव्हते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये ऑगस्ट १८९९पासून जीवाणुतज्ज्ञ हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा चालू होती. तिथे लिस्टन काम करत. एप्रिल १९०३मध्ये शहरातल्या एका मोठ्या चाळीत उंदीर पडले, मग माणसं आजारी पडू लागली, आणि राहिलेले लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपायला आले. तिथेही पिसवा चावतात म्हणून ते हैराण होते. लिस्टन यांनी त्यांच्या अंगावरच्या तीस पिसवा पकडून पाहिल्या. त्यांतल्या चौदा उंदरावरच्या जातीच्या निघाल्या. उंदीर मेले होते, त्यांच्या पिसवा भुकेल्या होत्या, आणि समोर माणूस होता. लिस्टन यांनी पुढे घरात गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर पिसवा गोळा करण्याची युक्तीही वापरली.

तरीही हवेवरचा आळ पुसला गेला नव्हता. संशय ठेवून चालणारे लोक म्हणत, पिसू असेलही, पण त्याच खोलीत तीच हवा आहे, तीच जमीन आहे, तेच दूषित धान्य आहे. यांतलं नेमकं काय मारतं हे एकेक बाजूला काढून दाखवल्याशिवाय उत्तर पूर्ण होणार नव्हतं.

१९०५मध्ये इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून नवा आयोग नेमला. लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स मार्टिन यांनी कामाची घडी बसवली. जॉर्ज लॅम्ब, पेट्री, रोलंड आणि लिस्टन प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत होते. अहवालात सहकाऱ्यांची म्हणून पै, मानकर, रामचंद्रीयर, अवारी अशी नावं येतात. या लोकांबद्दल आपण फार थोडं बोलतो. पिंजरे ठेवणं, मेलेले प्राणी उघडून पाहणं, पिसवा मोजणं, हे रोजचं काम ज्यांच्या हातून झालं, त्यांत ही माणसं होती, आणि हा रोग हाताळणाऱ्याला सोडत नसे.

परळच्या आवारात त्यांनी सहा छोट्या खोल्या बांधल्या. अहवालात त्यांना ‘गोडाऊन’ म्हटलं आहे. सहाही सारख्या होत्या, फरक फक्त छपराचा. दोन खोल्यांवर देशी कौलं, दोनांवर मंगलोरी कौलं, दोनांवर पत्रा. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी ताणलेली, म्हणजे छपरातला उंदीर खोलीत उतरू शकणार नाही, पिसू मात्र खाली पडू शकेल. मग त्यांनी वाट पाहिली. उंदरांनी छपरं बघून घ्यावीत, देशी कौलांत बिऱ्हाड करावं, मंगलोरीत जमेल तितकं राहावं, पत्र्याला सोडून द्यावं, यासाठी लागेल तेवढा वेळ दिला. ही वाट पाहण्याची कल्पना मला या सगळ्या प्रयोगातली सर्वात सुंदर वाटते. छपरं तीन तऱ्हेची केली की पिसवांचं माप आपोआप तीन तऱ्हेचं झालं. देशी कौलांखाली भरपूर, मंगलोरीखाली कमी, पत्र्याखाली नाहीत.

नंतर सगळ्या खोल्यांत निरोगी गिनीपिग सोडले आणि त्यांच्यात प्लेगची लागण केलेले काही मिसळले. खोल्या मुद्दाम झाडल्या नाहीत. आजारी आणि निरोगी एकाच जमिनीवर लोळत, एकाच ठिकाणी खात. आजाऱ्यांची घाण, फुटलेल्या गाठींचा पू, सगळं त्यांच्या खाण्यात आणि अंगाला. हवा तर सगळ्यांची एकच. देशी कौलांच्या खोल्यांत निरोगी गिनीपिग एकामागून एक मरू लागले. मंगलोरी कौलांखाली रोग आला पण मंदपणे. पत्र्याच्या खोल्यांत आजारी गिनीपिग मेले आणि त्यांच्या कुशीला कूस लावून बसलेले निरोगी जिवंत राहिले. लागण झालेल्या आयांचं दूध पिणारी पिल्लंदेखील वाचली. पुढे या खोल्यांत बाधित पिसवा पोचल्या, तेव्हा तिथेही मृत्यू सुरू झाले.

इतक्यावरही ते थांबले नाहीत. प्लेग होऊन गेलेल्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. जमिनीपासून दोन इंच वर ठेवलेल्या पिंजऱ्यातला प्राणी मेला, म्हणजे जमिनीला अंग लागण्याची गरज नव्हती. दोन फुटांवर टांगलेला वाचला. त्या खोलीतली हवा दोन इंचांवर एक आणि दोन फुटांवर दुसरी अशी कशी असेल? पिसवेची उडी मात्र चार-पाच इंचांच्या आसपास संपते. मग एक पिंजरा बारीक जाळीत बंद केला, एक तसाच ठेवला. एकाभोवती माशा पकडण्याच्या चिकट कागदाचा रुंद पट्टा अंथरला. पट्ट्यामागचा प्राणी सुरक्षित, आणि पट्ट्यावर पिसवा चिकटलेल्या. माकडांवरही हे करून पाहिलं. प्लेग झालेल्या शहरातल्या खऱ्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले, तेव्हा शंभरात एकोणतीस या प्रमाणात ते प्लेगनं मेले. चिकट कागदावरच्या पिसवा उघडून तपासल्या. उंदरावरच्या सत्याहत्तरांपैकी तेवीस पिसवांत जंतू सापडले. माणसावरच्या पंच्याऐंशींत फक्त एकीत.

१९०६पासून ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये हे सगळं क्रमानं छापून आलं. खोल्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष मोजक्या वाक्यांत मांडले आहेत. पिसवा नसतील तर आजाऱ्याशी कितीही निकट संबंध आला तरी रोग पसरत नाही. पिसवा असतील तर त्यांच्या संख्येच्या प्रमाणात पसरतो. साथ संपल्यावरही खोलीत निदान पंधरा दिवस धोका उरतो. आणि हवेतून लागण होत नाही. हे शेवटचं वाक्य जवळपास दहा वर्षं उशिरा आलं. तोवर किती घरांची कौलं उतरली होती याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

उशीर झाला तरी निकाल मोलाचा होता. आपल्याकडे कौल म्हणजे छपराचं कौल, आणि देवापुढे लावलेला कौलही. परळच्या खोल्यांत दोन्ही एक झाले. माळावर जाणाऱ्या गावकऱ्यांचं वागणं बरोबर ठरलं, आणि कारणही कळलं. घर सोडून राहायचं ते हवा बदलावी म्हणून नव्हे, भुकेल्या पिसवा मराव्यात म्हणून. उंदीर आणि धान्याचा साठा यांकडे लक्ष गेलं. १९०७ साल भारतात सर्वात वाईट होतं, तेरा लाखांच्या आसपास माणसं त्या एका वर्षात गेली. ज्ञान आलं म्हणून रोग लगेच हटत नाही, हेही त्या आकड्यात आहे. दोन दशकांत देशातले बळी कोटीच्या पुढे गेले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हवेला सरसकट निर्दोष ठरवल्यासारखं होईल. परळचा निकाल गाठीच्या प्लेगपुरता होता. १९१०-११च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला, साठ हजारांच्या आसपास लोक मेले, आणि तो खोकल्यातून, श्वासातून पसरत होता. पेनांगचे डॉ. वू लिएन-ते यांनी तिथे कापसाचे आणि जाळीदार कापडाचे मुखपट्टे सक्तीचे केले. हवेतून लागण होते हे न मानणारे फ्रेंच डॉक्टर मेनी यांना मुखपट्ट्याशिवाय रोगी तपासल्यावर प्लेग झाला आणि ते गेले. पुढे पन्नासच्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळानं वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत नेली. तिथेही गिनीपिगच होते. त्यांना क्षय झाला. ज्या खोलीत तीच हवा अतिनील किरणांतून नेली, तिथले जवळपास सगळे वाचले. म्हणजे याच तऱ्हेच्या खोलीनं परळला हवेला सोडलं आणि बाल्टिमोरला पकडलं. दोन्ही निकाल खरे, कारण दोन्ही ठिकाणी बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली होती.

आज प्रयोगशाळेत घरातल्या हवेची तपासणी होते ती याच रीतीनं. पोलादी किंवा काचेची बंद पेटी, कधी खोलीएवढी. आत २३ अंश तापमान, निम्मी आर्द्रता, ठरलेल्या मापानं येणारी-जाणारी हवा. मग प्लायवूडचा तुकडा, रंग, गालिचा, काहीतरी एकच आत ठेवायचं आणि फॉर्मल्डिहाइड किती सुटतं ते मोजायचं. निफाडच्या माणसाला हे परकं वाटू नये. द्राक्षाच्या पेटीत आपण जो सल्फरचा कागद ठेवतो, तो ओलाव्यानं हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडतो आणि बुरशी रोखतो. प्रमाण चुकलं की मण्यांवर पांढरे डाग पडतात, घड वाया जातो. बंद जागेतली हवा किती, कशी आणि कुणाच्या कामाची, हे शीतगृहात काम करणाऱ्या पोराला बोटांवर माहीत असतं. कांद्याच्या चाळीला खालून वारा ठेवणाऱ्या लासलगावच्या शेतकऱ्यालाही.

प्लेग गेला असं आपण मानलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात लोक घरं सोडून बाहेर राहिले, घरांत धान्य तसंच राहिलं, उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा ताप आला. त्या गावच्या लोकांनी आरोग्य खात्याला आधी सांगितलं होतं ते हे की उंदीर पडतायत आणि पिसवांनी जीव नकोसा केलाय. सरकारी भाषेत त्याला नंतर नावं मिळाली. माणसांनी पाहिलेलं तेच होतं, जे १८९७मध्ये माळावर गेलेल्या गावांनी पाहिलं होतं.

आपल्या भागात धान्य आहे, कांदा आहे, गोठे आहेत, म्हणून उंदीर राहणारच. औषध न घालता घरात किंवा वखारीत एकामागून एक उंदीर मेलेले दिसले तर ते हातानं उचलू नका. अंग थंड पडायला लागलं की पिसवा त्यांना सोडून नवा धनी शोधतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि मुलांना त्या खोलीत झोपवू नका.